सरकारी खिडकीपासून स्वयंसेवकांच्या टेबलापर्यंत: अमेरिकेतील मोफत करसाहाय्य केंद्रांची पार्श्वभूमी

जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत, चर्चच्या सभागृहांत आणि विद्यापीठांच्या रिकाम्या वर्गखोल्यांत टेबले मांडली जातात. एका बाजूला संगणक घेऊन स्वयंसेवक बसतो आणि समोर वेतनाचा वार्षिक दाखला, म्हणजे 'डब्ल्यू-२', ओळखपत्र आणि मुलांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक घेऊन आलेली एखादी सफाई कामगार, निवृत्त बसचालक किंवा शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी असतो. स्वयंसेवक त्यांचे प्राप्तिकर विवरणपत्र भरून देतो आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाही. या उपक्रमाचे नाव 'व्हॉलंटिअर इन्कम टॅक्स असिस्टन्स', पण सगळे त्याला 'व्हिटा' म्हणूनच ओळखतात. वरवर पाहता हे दानधर्माचे काम वाटते. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो: जे काम एकेकाळी सरकार आपल्याच खिडकीवर बसून करत असे, तेच आज स्वयंसेवकांच्या हाती आले आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील सोळावी दुरुस्ती १९१३ साली मंजूर झाली आणि प्राप्तिकराला पक्का आधार मिळाला. परंतु पुढची जवळपास तीन दशके हा कर मूठभर सधनांपुरताच राहिला, त्यामुळे विवरणपत्र ही सामान्य कामगाराच्या डोक्याला लागलेली कटकट नव्हती. हे चित्र दुसऱ्या महायुद्धाने पालटले. युद्धखर्चासाठी १९४२ च्या महसूल कायद्याने करमुक्त उत्पन्नाची मर्यादा खाली आणली, १९४३ मध्ये वेतनातूनच कर कापून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि १९३९ मध्ये सुमारे ४० लाख असलेली करदात्यांची संख्या १९४५ पर्यंत चार कोटींच्या वर गेली. कर वेतनातून आधीच कापला जात असला तरी वर्षाच्या शेवटी त्याचा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा, हे तत्त्व कायम राहिले. जास्त कापले गेलेले पैसे परत हवे असतील, तर तसे विवरणपत्र भरून मागायला हवेत. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या एका व्यवस्थेत आहे.

एवढ्या लोकांना हा हिशेब जमणार नाही, याची जाणीव करखात्यालाही होती. म्हणूनच अनेक शहरांतील करकार्यालयांत कर्मचारी स्वतः नागरिकांची विवरणपत्रे विनामूल्य भरून देत असत. १९५० च्या दशकात खात्याने या सेवेतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे ती बंद होणार हे कळल्यावर हेन्री आणि रिचर्ड ब्लॉक या भावांनी, जे तोवर छोट्या व्यावसायिकांचे हिशेब सांभाळत होते, १९५५ साली केवळ विवरणपत्रे भरून देण्याचा धंदा उघडला. न्यूयॉर्कमध्येही सरकारी मदत थांबली, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे कार्यालये थाटली. 'एच अँड आर ब्लॉक' ही आज देशभर पसरलेली कंपनी अशी जन्माला आली. विवरणपत्र भरण्याची मुदत १५ मार्चऐवजी १५ एप्रिल झाली तेही याच १९५५ सालापासून. सरकारने सोडलेल्या जागेवर प्रथम बाजार पोहोचला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्वयंसेवक आले ते त्यानंतर दीड दशकाने.

त्या दीड दशकाच्या शेवटी घडलेल्या घटनेत एक उपरोध आहे. जानेवारी १९६९ मध्ये मावळते अर्थमंत्री जोसेफ बार यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, सांगितले की दोन लाख डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या १५५ जणांनी एक डॉलरही संघीय प्राप्तिकर भरलेला नाही. लोकांचा संताप उसळला, काँग्रेसकडे पत्रांचा ओघ लागला आणि वर्ष संपता संपता करसुधारणा कायदा संमत झाला. या कायद्याने श्रीमंतांच्या पळवाटांवर किमान कर बसवला, तसेच अल्प उत्पन्न गटासाठी खास वजावट आणून अनेक गरिबांना प्राप्तिकरातून मोकळे केले. याच कायद्यासोबत करदात्यांना शिक्षित करण्यावर भर देण्याचे धोरण आले आणि 'आयआरएस'ने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, व्हिटा सुरू केला. श्रीमंत कर भरत नाहीत म्हणून उठलेल्या ओरड्यातून गरिबांना अर्ज भरून देणारा कार्यक्रम निघाला. मात्र त्यात तर्कही होता: ज्याला करच लागू नाही, पण ज्याच्या वेतनातून वर्षभर कपात झाली आहे, त्याला स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी अर्ज करावा लागणार होता.

सुरुवातीच्या केंद्रांमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज येथील राज्य महाविद्यालयाचे नाव घेतले जाते. तेथे लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या रहिवाशांची विवरणपत्रे भरून देण्यास प्रारंभ केला आणि आज कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत ही परंपरा अजून चालू आहे. वृद्धांसाठीचा प्रवाह त्याच्याही किंचित आधीचा आहे. निवृत्तांच्या 'एएआरपी' या संघटनेने १९६८ मध्ये अवघ्या चार स्वयंसेवकांवर 'टॅक्स-एड' सुरू केले होते. १९७८ च्या महसूल कायद्याने साठ वर्षांवरील नागरिकांसाठीच्या अशा कामाला सरकारी अनुदानाची तरतूद केली आणि स्वयंसेवकांना निदान प्रवासखर्च तरी मिळू लागला. शेजारच्या कॅनडानेही १९७१ पासून आपला स्वतंत्र स्वयंसेवी करकार्यक्रम चालवला आहे.

तोवर या केंद्रांचे महत्त्व मर्यादितच होते. ते वाढवले ते १९७५ च्या एका छोट्या, तात्पुरत्या म्हणून आणलेल्या तरतुदीने. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष रसेल लाँग यांच्या पुढाकाराने आलेल्या 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट'नुसार, मुले असलेल्या कष्टकरी कुटुंबाला पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर दहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर, मिळणार होते; कमाई ४,००० च्या पुढे गेली की ही रक्कम घटत जाऊन ८,००० डॉलरला शून्य होई. यातील खरी नवलाई अशी की देय कर शून्य असला तरी ही रक्कम रोख हाती पडणार होती. १९७८ मध्ये ही तरतूद कायम झाली, १९८६, १९९० आणि १९९३ मध्ये ती वाढवण्यात आली, आणि २०२४ या करवर्षासाठी तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबाला मिळू शकणारी कमाल रक्कम ७,८३० डॉलर होती. १९९६ च्या कायद्याने गरिबांच्या रोख साहाय्यावर मुदत आणि कामाच्या अटी लादल्यानंतर तर करपरतावा हाच अनेक कुटुंबांच्या वर्षातला सर्वांत मोठा एकरकमी पैसा ठरला. अशा रीतीने कर वसूल करणाऱ्या खात्याच्या अर्जातून कल्याणकारी मदत वाटली जाऊ लागली. अर्जाबरोबर त्यातील गुंतागुंतही आली: मूल वर्षातले किती दिवस घरात राहिले, आजी आणि आई यांपैकी कोणी त्याच्यावर हक्क सांगायचा, विभक्त नवऱ्याचे उत्पन्न धरायचे की नाही. पात्र लोकांपैकी साधारण पाचांतील एक जण आजही हा लाभ मागत नाही.

ज्या अर्जावर हजारो डॉलर मिळतात, त्याभोवती दलाली उभी राहणे ओघानेच आले. १९८६ मध्ये सिनसिनाटी, फिनिक्स आणि रॅली-डरहॅम या तीन भागांत इलेक्ट्रॉनिक विवरणपत्रांचा प्रयोग झाला आणि १९९० पर्यंत ती सोय देशभर पोहोचली. परतावा लवकर मिळू लागला, पण तेवढाही धीर नसलेल्यांसाठी परताव्याच्या तारणावर कर्ज देण्याचा व्यवसाय फोफावला. एक-दोन आठवड्यांनी हक्काने येणारे पैसे आज हातात पडावेत म्हणून घेतलेल्या या कर्जाचा वार्षिक दर काढला, तर तो सावकारालाही लाजवील असा निघे. बँक नियंत्रकांच्या दबावाने हे कर्ज २०१२ च्या सुमारास जवळजवळ संपले. विवरणपत्र भरण्याचे शुल्क परताव्यातूनच कापून घेण्याची पद्धत मात्र टिकून आहे. मोफत केंद्रांच्या चळवळीला नव्वदीच्या दशकात धार आली ती या पार्श्वभूमीवर. तोपर्यंत 'अर्ज भरण्यात मदत' एवढेच असलेले काम आता 'गरिबाचा परतावा अख्खा त्याच्या घरी जावा' असे मांडले जाऊ लागले. केंद्रातील स्वयंसेवकांना मोबदला घेण्यास आणि देणगी मागण्यास असलेली कडक मनाई या संदर्भात पाहिली, तर तिचा अर्थ कळतो.

येथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. बोलताना दोन वेगवेगळ्या गोष्टींना 'टॅक्स क्लिनिक' म्हटले जाते. व्हिटाच्या केंद्रात विवरणपत्र भरून मिळते. पण करखात्याची नोटीस आली, परतावा अडवला गेला किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर तेथील स्वयंसेवक करदात्याचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. ते काम 'लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक' करतात. यांतील अनेक विधी महाविद्यालयांत आहेत. नीना ओल्सन यांनी १९९२ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे 'कम्युनिटी टॅक्स लॉ प्रोजेक्ट' ही स्वतंत्र संस्था काढली, आणि करखात्याच्या फेररचनेच्या १९९८ च्या कायद्याने अशा क्लिनिकांना वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत, तेवढीच रक्कम संस्थेने उभारण्याच्या अटीवर, अनुदान देऊ केले. ओल्सन पुढे २००१ ते २०१९ या काळात करदात्यांच्या राष्ट्रीय अधिवक्ता, म्हणजे करखात्यातच राहून करदात्यांची बाजू मांडणाऱ्या अधिकारी, होत्या.

व्हिटाच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे पान २००४ चे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वर्षी अर्थखात्याच्या महानिरीक्षकांच्या लेखापरीक्षकांनी सामान्य करदाते बनून केंद्रांना भेटी दिल्या आणि ३५ विवरणपत्रे भरून घेतली. त्यांतील एकही बिनचूक नव्हते. सद्भाव हा हिशेबाला पर्याय होऊ शकत नाही, हे त्या एका अहवालाने दाखवून दिले. त्यानंतर शिस्त आवळली गेली: आलेल्या प्रत्येकाची ठरावीक माहिती-पत्रकावरून मुलाखत, स्वयंसेवकाची दरवर्षी नव्याने परीक्षा आणि भरलेले प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने तपासणे. २००८ पर्यंत अशाच गुप्त तपासणीत बिनचूक विवरणपत्रांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. ही प्रगती मोठी असली तरी उरलेले ३१ टक्के कोणाच्या तरी घरखर्चाचे पैसे होते. आज केंद्रात ताटकळावे लागते म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एवढे जाणावे की त्या विलंबाचा बराचसा भाग या दुसऱ्या तपासणीचा असतो.

विद्यार्थी या कथेत दोन्ही बाजूंना आहेत. लेखाशास्त्र शिकणाऱ्याला पुस्तकातील 'आश्रित व्यक्ती'ची व्याख्या खऱ्या कुटुंबापुढे मांडताना किती ठिसूळ ठरते, हे टेबलाशी बसल्यावरच कळते. उलट बाजूला परदेशी विद्यार्थी येतात आणि त्यांच्यासाठी स्वयंसेवकांना वेगळी परीक्षा द्यावी लागते. 'एफ-१' व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सामान्यतः करापुरता अनिवासी धरला जातो, त्यामुळे त्याला '१०४०-एनआर' हा वेगळा अर्ज लागतो, आणि उत्पन्न नसले तरी '८८४३' हे पत्रक भरावेच लागते. इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना सहसा न मिळणारी प्रमाणित वजावट भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमामुळे मिळते. हा करार १९८९ मध्ये झाला. ज्याला हे माहीत नाही, असा विद्यार्थी बाजारातील साधे सॉफ्टवेअर वापरून निवासी म्हणून विवरणपत्र भरतो, हक्क नसलेली शैक्षणिक सवलत घेतो आणि पुढे दुरुस्तीच्या फेऱ्यात सापडतो.

एवढे काम बराच काळ निश्चित निधीविना चालले. काँग्रेसने डिसेंबर २००७ मध्ये प्रथमच व्हिटासाठी ८० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि त्याला कायद्यात कायमचे स्थान मिळाले ते थेट १ जुलै २०१९ रोजी स्वाक्षरी झालेल्या 'टॅक्सपेअर फर्स्ट' कायद्याने, म्हणजे कार्यक्रम सुरू झाल्यावर पन्नास वर्षांनी. दरम्यान २०१४ मध्ये करखात्याने आपल्या मदत केंद्रांत विवरणपत्रे भरून देणे पुरते थांबवले होते आणि दारात आलेल्यांना स्वयंसेवकांकडे पाठवायला सुरुवात केली होती. १९५५ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालेली माघार अशी पूर्ण झाली.

सरकार पुन्हा खिडकीवर येईल, अशी एक शक्यता मध्यंतरी दिसली होती. २००२ मध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांशी झालेल्या 'फ्री फाइल' करारात करखात्याने स्वतःची मोफत ऑनलाइन सेवा न काढण्याचे मान्य केले होते; ती अट २०१९ च्या अखेरीस गळाली. मग २०२४ मध्ये १२ राज्यांत 'डायरेक्ट फाइल' ही खात्याची स्वतःची सेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, २०२५ मध्ये ती २५ राज्यांत पोहोचली, आणि २०२६ च्या हंगामासाठी ती उपलब्ध नसेल असे राज्यांना कळवण्यात आले. स्वयंसेवकांच्या परीक्षा मात्र दरवर्षीप्रमाणे ऐन हिवाळ्यात पुन्हा सुरू होतात. 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' मागणाऱ्या कष्टकऱ्यांचे परतावे २०१५ च्या कायद्यानुसार फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी सोडता येत नाहीत, तरी केंद्रांबाहेरच्या रांगा जानेवारीतच लागतात.