जादूची मर्यादा वेगळी, जादूची किंमत वेगळी

फँटसी लिहायला घेतली की कोणी ना कोणी सांगतंच, जादूला नियम पाहिजेत बाबा, नाहीतर हिरो वाट्टेल ते करत सुटेल आणि वाचणाऱ्याला कसलं टेन्शनच राहणार नाही. बरोबरच आहे. पण नियम म्हणताना आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो. जादूला काय जमत नाही ती मर्यादा. आणि जमतं, पण त्या बदल्यात करणाऱ्याचं काहीतरी जातं, ती किंमत.

गोव्यात वाढलेल्याला हे समजायला बाहेरची पुस्तकं लागू नयेत खरं तर. आमच्याकडे गावागावात राखणदाराच्या, देवचाराच्या, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या अदृश्य शक्तीच्या गोष्टी सांगतात, रात्री काठी घेऊन खांद्यावर घोंगडी टाकून तो फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, पण त्याचं राज्य गावच्या शिवेपर्यंत, पलीकडे दुसऱ्याचा कारभार. ही मर्यादा झाली. आणि त्याला गाऱ्हाणं घालून काही मागितलं, काम झालं, की बोललेलं द्यायचं म्हणजे द्यायचं, रोट असो, विडी असो नाहीतर सोऱ्याची, म्हणजे दारूची बाटली. ही किंमत. आता बघा, शीव कोणासाठी हलत नाही, तुम्ही भाटकार म्हणजे जमीनमालक असा, नाहीतर त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार. देणं मात्र दोघांना सारखं जड जात नाही, भाटकाराला बाटलीचं काय पडलंय.

माझी टेस्ट इथूनच आलीय. पात्र बदलून बघायचं. एकाच्या जागी दुसरं आणून बसवलं आणि तरी नियम तेवढाच टोचत असेल तर ती मर्यादा. टोचणं कमीजास्त झालं तर किंमत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो थकव्यात. मंत्र म्हटला, नाकातून रक्त आलं, हिरो गुडघ्यावर बसला, आणि लिहिणाऱ्याला वाटतं वा, काय किंमत मोजली! अरे पण पुढच्या प्रकरणात गडी झोपून उठून ताजातवाना, परत तोच मंत्र म्हणतोय. म्हणजे मोबाईलची बॅटरी संपली आणि चार्जिंगला लावली, ह्यापलीकडे काय झालं? त्याचं काहीच कायमचं गेलं नाही, त्याला काही ठरवावंही लागलं नाही. ही मर्यादाच, फक्त रक्त लावून सजवलेली. मर्यादा वाईट असं मी म्हणत नाहीये, पाठलाग, लढाई, पळापळ ह्या सगळ्याला ती लागतेच, पण त्यातून माणूस कसा आहे ते कळत नाही.

सध्या मी एक गोष्ट लिहितेय, खाजन शेतीच्या गावातली. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली असलेली जमीन, बांधामुळे वाचलेली, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची मोरी, जिची दारं भरती आली की पाण्याच्याच दाबाने बंद होतात आणि ओहोटीला उघडतात. त्यातली शेवंती भरती थोपवू शकते. फक्त त्याच मानशीवर आणि पाणी फिरेपर्यंतच, म्हणजे साधारण सहा तास. अमावास्या पौर्णिमेला पाणी जास्त चढतं तेव्हा तर तिचे हाल विचारू नका. इथपर्यंत सगळी मर्यादा. किंमत अशी की दर वेळी तिच्या जिभेवरची चव थोडी थोडी जाते, आधी मीठ, मग आंबट, आणि बाई चालवते खानावळ, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण खायला तालुक्यातून लोक येतात. आता हीच शक्ती तिच्या भावाला देऊन बघा. तो ताटावर बसला की पाच मिनिटात उठणारा, काय खाल्लं विचारलं तर आठवणार नाही. त्याला ही किंमत फुकटच पडली! म्हणून किंमत ठरवायच्या आधी पात्र नीट माहीत असावं लागतं, आणि ते माहीत नसेल तर मग नाकातलं रक्त आहेच.

एकाच शक्तीला दोन्ही असतात ह्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण कर्णाचं. इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार, ही मर्यादा. तिच्यासाठी अंगावरची कवचकुंडलं कापून दिली, ही किंमत. ब्राह्मणाच्या वेषात कोण येणार हे सूर्याने आधीच सांगून ठेवलं होतं, तरी दिली, कारण मागणाऱ्याला नाही म्हणणं हे त्याच्यासाठी मरणापेक्षा वाईट होतं. दुर्योधनाला बसवा त्या जागी, देईल?

अश्वत्थाम्याकडे आलं की मात्र माझी टेस्ट जरा लंगडते. अर्जुनाला अस्त्र मागे घेता आलं, ह्याला नाही, आणि कारण तर दोघांच्या संयमातच आहे. म्हणजे मर्यादासुद्धा स्वभावातून येऊ शकते. ते जमलं तर उत्तमच, पण त्याच्या डोक्यावरचा मणी गेला ती वेगळी गोष्ट, ती किंमत.

विनोदी गोष्टीला किंमत नसली तरी भागतं हो, तिथे मर्यादेतच मजा असते.

सांगायची वेळही दोघांची वेगळी. मर्यादा वाचणाऱ्याला आधी कळली पाहिजे, ऐन वेळी 'अरे हो, हे चालत नाही इथे' म्हटलं तर तो चिडणारच. शक्ती एकदाच चालते आणि कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवलीय हे माहीत असतं म्हणून तर चौदाव्या रात्री ती घटोत्कचावर जाते तेव्हा आपण हळहळतो. किंमत मागाहून उलगडली तरी चालते. शेवंतीची मानस आणि तिचे सहा तास मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेत, पण जिभेचं ती कोणाला बोलत नाही, गिऱ्हाइकांनाच आधी कळतं, हुमण खारट व्हायला लागतं तेव्हा, त्यामुळे ते प्रकरण मी गिऱ्हाइकांच्या तोंडूनच लिहितेय.