पडलेला उमेदवारही प्रदेशाध्यक्ष होऊ शकतो

कोरेगावच्या एसटी स्टँडजवळ चहा घेताना परवा पुन्हा तेच कानावर आलं: "निवडणुकीत पडलेल्याला पक्षाचा अध्यक्ष होता येत नाही, तसा कायदाच आहे." शेजारच्या पोराने मान डोलावली, म्हणून हे लिहितोय.

असा कायदा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये पक्षाच्या नोंदणीच्या तरतुदी आहेत; अध्यक्ष कोण, हे पक्षाची घटना आणि पक्षश्रेष्ठी ठरवतात. घोळ होतो तो दोन पदांचा. विधानसभेतला गटनेता आमदारांमधूनच निवडतात. प्रदेशाध्यक्षाला आमदारकीची कायदेशीर अट नाही.

उदाहरण घरचंच आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला जेमतेम १० जागा मिळाल्या. जुलै २०२५ मध्ये इस्लामपूरच्या जयंत पाटलांनी सात वर्षांनी प्रदेशाध्यक्षपद सोडलं आणि ते शशिकांत शिंदे यांच्याकडे आलं. हेच शिंदे २०२४ मध्ये आधी सातारा लोकसभेला आणि मग याच कोरेगावात विधानसभेला पडले होते. ते विधान परिषदेचे आमदार होते खरे, पण कायद्याने त्याचीही गरज नव्हती.

मला वाईट वाटतं ते गावच्या कार्यकर्त्यांचं. झेडपीला एकदा पडले की या समजुतीपायी तालुकाध्यक्षपदासाठीही ते नाव पुढे करत नाहीत.