पाळणे कमी हलतात, तरी माणसं वाढतात कशी?

महाराष्ट्रात आज एका बाईमागे सरासरी दोनही मुलं होत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.७ निघाला, गोव्याचा तर १.३. दोघांमागे दोनपेक्षा कमी म्हणजे लोकसंख्या घटायला हवी, असं सरळ गणित कोणीही मांडेल. पण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्यात दर हजार लोकांमागे १५ जन्म आणि साडेपाच मृत्यू होते. लोकसंख्या बारा कोटी धरली, तर स्थलांतर सोडूनही वर्षाला अकरा लाखांहून जास्त माणसांची भर पडते.

दोन्ही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, इतकंच.

आधी १.७ हा आकडा येतो कुठून ते पाहू. १५ ते ४९ वयाच्या बायकांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात एका वर्षात दर हजार बायकांमागे किती बाळं जन्मली ते मोजतात. समजा ते अनुक्रमे २०, १३०, ११०, ५०, २०, ८ आणि २ आले. बेरीज ३४०. प्रत्येक गटात बाई पाच वर्षं राहते, म्हणून गुणिले पाच: १,७००. म्हणजे बाईमागे १.७. (गटांचे आकडे समजण्यापुरते घेतलेत.) यात एक गोम आहे. ही बाई काल्पनिक आहे. यंदाच्या वीस वर्षांच्या, तीस वर्षांच्या आणि चाळीस वर्षांच्या बायकांचे तुकडे जोडून तिचं आयुष्य बनवलेलं आहे. त्यामुळे बायकांनी नुसता पाळणा लांबवला, पहिलं मूल बाविसाव्याऐवजी सत्ताविसाव्या वर्षी होऊ दिलं, तरी मधल्या काळात हा दर खाली येतो. शेवटी मुलं तेवढीच झाली तरीही.

याचं ठळक उदाहरण जपानचं. तिथे दर साठ वर्षांनी ‘अग्नी-अश्व’ वर्ष येतं आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी समजूत आहे. (आपल्या मंगळाचीच बहीण म्हणायची.) १९६५ मध्ये जपानचा जननदर २.१४ होता, १९६६ च्या अग्नी-अश्व वर्षी तो १.५८ वर कोसळला आणि १९६७ मध्ये २.२३ झाला. मुलं रद्द झाली नव्हती, बरीचशी मागेपुढे सरकली होती. म्हणून एका वर्षाच्या जननदरावरून निघालेल्या बातम्या जपून वाचाव्यात.

आता पिढीची जागा पिढीने भरून काढायला बाईमागे २.१ मुलं लागतात असं म्हणतात. वरचं ०.१ कशाला? निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि जन्मलेल्या सगळ्याच मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. आईची जागा घेणारी मुलगीच मोजायची असल्याने ही तूट भरून काढावी लागते. पण २.१ ही काही दगडावरची रेघ नव्हे. समजा कुठे हजार मुलग्यांमागे ९०० मुलीच जन्मतात आणि त्यांतल्या शंभरातल्या ९५ आईच्या वयाला पोचतात. तिथे ही पातळी २.२ च्या वर जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. अशा ठिकाणी २.१ पुरणारच नाही.

तरीही माणसं वाढत राहतात, याचं उत्तर वयाच्या थरांत आहे. एक गाव कल्पू. आजी-आजोबा १००, आई-वडील २००, मुलं ४००. प्रत्येक जोडप्याला चार मुलं होत आली म्हणून प्रत्येक थर आधीच्या दुप्पट. एकूण ७००. आता आजपासून प्रत्येक जोडप्याने बरोबर दोनच मुलं होऊ दिली. पुढच्या पिढीत म्हातारे १०० जातात, आई-वडील म्हातारे होतात: २०० + ४०० + ४०० = १,०००. त्याच्या पुढच्या पिढीत ४०० + ४०० + ४०० = १,२००. चाराची दोन मुलं झाली त्या दिवसानंतर गाव सत्तर टक्क्यांहून जास्त वाढून मग थांबलं! कोणीही तिसरं मूल होऊ दिलं नाही. आई-बाप होणारेच आधी जन्मून बसले होते. अभ्यासक याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. जपानचा जननदर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २.१ च्या खाली आहे, पण लोकसंख्येची वाढ थांबून घट सुरू व्हायला २००८ नंतरचा काळ उजाडावा लागला.

हाच रेटा उलटाही लागतो, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. त्याच १,२०० च्या गावात एका पिढीने एकेकच मूल होऊ दिलं: ४०० + ४०० + २०० = १,०००. पुढच्या पिढीला शहाणपण येऊन पुन्हा दोन-दोन मुलं झाली, तरी ८०० आणि मग ६००. एका पिढीच्या निर्णयाने गाव निम्मं. २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर गेलेल्या दक्षिण कोरियाची अडचण हीच आहे: उद्या दर सावरला तरी आई होणाऱ्या मुलीच मोजक्या.

थरांचा हिशोब विसरला की मृत्युदरही फसवतो. २०२० मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७ होता, देशाचा ६. केरळात आरोग्यसेवा वाईट आहे का? मुळीच नाही, अर्भक मृत्युदर तिथे हजार जन्मांमागे ६, तर देशात २८. तिथे म्हातारी माणसं जास्त, म्हणून मृत्यू जास्त.

देशाची लोकसंख्या एका दशकात प्रत्यक्ष घटल्याचं गेल्या शतकात एकदाच दिसलं: १९११ ते १९२१. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने जन्मांची भर पुसून टाकली. ही घट मोजली गेली त्याच १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा. त्यानंतर मृत्यू आधी उतरले, जन्म खूप उशिरा. मधल्या फटीत १९५१ च्या ३६ कोटींचे २०११ मध्ये १२१ कोटी झाले.

जिल्ह्यापर्यंत खाली आलं की मात्र जन्म-मृत्यू दुय्यम ठरतात, स्थलांतर सगळ्यांवर मात करतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्गही दोन टक्क्यांनी घटला. याच दशकात ठाणे ३६ टक्क्यांनी वाढलं, आणि मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी आटला. म्हणजे चाळींतून आणि गावांतून निघालेला लोंढा उपनगरांपलीकडे साचत होता. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कोण बाहेर गेलं ते या आकड्यातच कळतं. जाणारा तरुण एकटा जात नाही. त्याची पुढे होणारी मुलंही ठाण्याच्या खात्यात जमा होतात, आणि गावात थर उरतो तो आजी-आजोबांचा.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणार आहे. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. गणपतीत कोकणातल्या ज्या घरात पाय ठेवायला जागा नसते, तिथे फेब्रुवारीत प्रगणक दार वाजवेल तेव्हा दोन नावं लिहिली जातील, कधी एकच.