व्हे की मास गेनर? वजने उचलायला नुकती सुरुवात करणाऱ्यासाठी दोन डब्यांची तुलना

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आता एखादी तरी जिम असतेच, आणि तिच्या काउंटरमागे किंवा शेजारच्या दुकानात दोन प्रकारचे डबे एकाच फळीवर मांडलेले असतात. दोन्ही डब्यांवर दंड फुगवलेल्या माणसाचे चित्र असते, दोन्हींवर ‘प्रोटीन’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि आत चॉकलेटच्या वासाची भुकटी व प्लास्टिकचा चमचा असतो. पोलीस भरतीतला गोळाफेक डोळ्यांसमोर ठेवून वजने उचलू लागलेला किंवा ‘पोट्टं लयच काडी आहे’ हे ऐकून कंटाळलेला मुलगा या दोन्हींना प्रोटीनचा डबाच म्हणतो आणि त्यांतला आकाराने मोठा व भावाने स्वस्त असेल तो उचलतो. तो बहुधा मास गेनरचा असतो. व्हे प्रोटीन आणि मास गेनर यांची घडण वेगळी आहे व काम वेगळे आहे. नवख्या माणसाला सुरुवातीच्या महिन्यांत सहसा दोन्ही लागत नाहीत, मात्र न लागण्याची कारणे एकसारखी नाहीत.

व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना दुधातून सुटणारे पाणी. घरी दूध फाटले की वर जे हिरवट पाणी तरंगते, तेच हे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे केसीन नावाचे प्रथिन, गोळ्यात जाते आणि उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने या पाण्यात राहतात. ते पाणी गाळून, त्यातली साखर आणि स्निग्धांश कमी करून वाळवले की व्हेची भुकटी होते. साध्या कॉन्सन्ट्रेट प्रकारात ७० ते ८० टक्के, तर अधिक गाळलेल्या आयसोलेट प्रकारात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. सुमारे ३० ग्रॅमच्या एका चमच्यातून २२ ते २५ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १२० कॅलरी मिळतात. व्हे लवकर पचते आणि स्नायूंची बांधणी सुरू करणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यात भरपूर असते, हे खरे आहे. तरीही शेवटी ते दुधाचेच अन्न आहे. ज्याला दूध पचत नाही, त्याला साध्या व्हेनेही पोटात गुडगुड होऊ शकते.

मास गेनरमध्ये प्रथिने असतात, पण तो मुळात कॅलरींचा डबा आहे. त्याचा मोठा हिस्सा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चचे तुकडे करून बनवलेली ही पांढरी भुकटी चवीला फारशी गोड नसते, पण पोटात गेल्यावर रक्तातली साखर वेगाने वाढवते. त्यात साखर, थोडे दुधाचे किंवा सोयाचे प्रथिन, सुगंध आणि जीवनसत्त्वांची चिमूट घातलेली असते. बाजारातल्या पुष्कळ गेनरमध्ये शंभर ग्रॅमला १५ ते २० ग्रॅम प्रथिने आणि पावणेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. फुटाण्यांतही शंभर ग्रॅमला साधारण तेवढीच प्रथिने आणि जवळपास तेवढ्याच कॅलरी असतात, आणि फुटाणे किराण्याच्या दुकानात सुटे मिळतात.

दोन डब्यांतला फरक पाठीमागच्या तक्त्यात उघडा पडतो, पुढच्या अक्षरांत नाही. समजा गेनरच्या डब्यावर पुढे ‘४५ ग्रॅम प्रोटीन’ असे छापले आहे. डबा उलटा केला की बारीक अक्षरांत एका सर्व्हिंगचे वजन दिसते, समजा ३०० ग्रॅम. म्हणजे ४५ ग्रॅम प्रथिनांसाठी वाटीभर नव्हे, चांगली पातेलीभर भुकटी घोळून प्यायची, सोबत सुमारे अकराशे कॅलरी घ्यायच्या आणि किलोभराचा पुडा सव्वातीन दिवसांत संपवायचा. तेवढीच प्रथिने व्हेच्या दोन चमच्यांत येतात. म्हणून तक्त्यातला ‘प्रति १०० ग्रॅम’ हा रकाना वाचावा. तिथे प्रथिनांचा आकडा सत्तरच्या पुढे असेल तर ते व्हे आणि विशीच्या आत असेल तर तो गेनर, मग पुढे नाव काहीही असो. मधला तीस-चाळीसचा आकडा दिसला तर दोन्हींचे मिश्रण समजावे, आणि पैसे त्या हिशेबाने द्यावेत.

पैशांचाही हिशेब इथेच मांडता येतो. भाव बदलत राहतात, पण समजा किलोभर व्हेला अडीच हजार रुपये पडले आणि त्यात ७५० ते ८०० ग्रॅम प्रथिने आहेत, तर एका ग्रॅमला तीन-सव्वातीन रुपये झाले. आठशे रुपयांच्या किलोभर गेनरमध्ये १५० ग्रॅम प्रथिने असतील तर ग्रॅमला पाच रुपयांहून अधिक झाले. स्वस्त म्हणून घेतलेल्या डब्यातली प्रथिने अशी महाग निघतात, आणि उरलेले साडेआठशे ग्रॅम म्हणजे मुख्यतः मक्याचे पीठ व साखर असते.

आता गरजेचा प्रश्न. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार सामान्य प्रौढ माणसाने दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. हा आकडा वजने उचलणाऱ्याला अपुरा आहे. स्नायू वाढवण्यासाठी १.४ ते १.६ ग्रॅम हा पल्ला व्यवहारात पुरतो. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ४९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि त्यात सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंच्या वाढीत सरासरी आणखी लाभ दिसला नाही. त्याच विश्लेषणात पूरक प्रथिनांमुळे चरबीविरहित वजनात पडलेली अधिकची भर सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती, आणि तो लाभ नवख्यांपेक्षा आधीपासून वजने उचलणाऱ्यांना अधिक झाला होता. नवख्याला डबा हवाच असे दुकानदार सांगतो, त्याच्या नेमके उलट आहे हे. नवख्याचे शरीर व्यायामालाच इतका जोरकस प्रतिसाद देते की डब्याला दाखवायला फारसे काही उरत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाढणारी ताकद तर मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंकडून काम करून घ्यायला शिकते म्हणून वाढते. त्या काळात कोणी व्हे पीत असेल, तर श्रेय व्हेला मिळते.

घरच्या ताटातून किती मिळते, हे एकदा मोजून पाहावे. साठ किलो वजनाचा मुलगा धरू. सकाळी चहा आणि वाटीभर पोहे, म्हणजे पाचेक ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भात, वरण आणि वांग्या-आलूची भाजी, म्हणजे बावीस-तेवीस ग्रॅम. रात्री पुन्हा तेच. एकूण पन्नास ग्रॅमच्या घरात, म्हणजे बसून काम करणाऱ्या माणसाच्या गरजेइतके. वरण पातळ असेल तर त्याहूनही कमी, कारण मग वाटीत डाळीपेक्षा पाणीच जास्त असते. वजने उचलण्यासाठी त्याला ८४ ते ९६ ग्रॅम हवेत. तूट ३५ ते ४५ ग्रॅमची आहे आणि ती खरी आहे. ‘घरचं जेवण बस झालं’ असे सांगणारे वडीलधारे ही तूट पाहत नाहीत, आणि डबा विकणारा ती भरण्याचा एकच मार्ग सांगतो.

ती भरायला ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीतून सुमारे २६ ग्रॅम, दोन मुठी म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांतून दहा ग्रॅम आणि पाव लिटरहून थोड्या अधिक दुधातून दहा ग्रॅम मिळतात. अंडी खाणाऱ्याला दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम मिळतात. शंभर ग्रॅम चिकनमधून वीस ग्रॅमहून अधिक येतात. दुपारच्या डब्यात बरबटीची उसळ आणि रात्री घट्ट वरण आले तरी हिशेब बराच जमतो. सोयाबीनची वडी किलोला शे-दीडशे रुपयांना मिळत असेल, तर तिच्यातले एक ग्रॅम प्रथिन तीस पैशांच्या आत पडते. शेतात सोयाबीन पिकवायचे, ते बाजार समितीत पडेल त्या भावाने विकायचे आणि त्याच पैशांतून मक्याच्या पिठाचा डबा घरी आणायचा, हा व्यवहार आपल्या भागात राजरोस चालतो. मात्र पोत्यातले सोयाबीन वडीसारखे वापरता येत नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि ते चांगले शिजवल्यावरच निकामी होतात, म्हणून दाणे रात्रभर भिजवून व पूर्ण शिजवूनच खावेत. सोयाने पुरुषांमधले टेस्टोस्टेरॉन घटते, ही जिममधली लाडकी भीतीही सोडून द्यावी. नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासांमध्ये तसे आढळलेले नाही.

गेनरची गरज याहून वेगळ्या प्रश्नातून येते. काही मुले खरोखरच इतकी कमी जेवतात, किंवा शेतातली कामे, सायकल आणि मैदानावरचे धावणे यांत इतके खर्चतात, की वजन काट्यावर हलतच नाही. त्यांना प्रथिनांबरोबर कॅलरीही कमी पडतात आणि रोज ३०० ते ५०० अधिक कॅलरी हव्या असतात. गेनर त्या देतो, यात शंका नाही. पण तीनशे मिलिलिटर म्हशीचे दूध, दोन केळी, मूठभर भाजलेले फल्लीदाणे आणि दोन-तीन चमचे फुटाण्याचे पीठ एकत्र घुसळले की साडेसातशेच्या आसपास कॅलरी आणि पंचवीसेक ग्रॅम प्रथिने होतात. शंभर ग्रॅम गेनर पाण्यात घालून याच्या जवळपासही जाता येत नाही. आणि ज्याचे वजन आधीच पुरेसे आहे, ज्याला फक्त पोट कमी करून खांदे भरायचे आहेत, त्याने गेनर घेणे म्हणजे सरळ नुकसान आहे. दोन महिन्यांत काटा चार किलो पुढे गेला म्हणून तो खूश होतो, पण त्यातले बरेचसे कमरेवर बसलेले असते.

व्हे मात्र काही जणांनी घेतले तर ते समजण्यासारखे आहे. नागपूर-अमरावतीला खोली करून राहणारा, मेसच्या पाणीदार वरणावर दिवस काढणारा आणि स्वयंपाकाची सोय नसलेला विद्यार्थी रोज एक चमचा व्हे घेऊन तूट भरत असेल, तर ती सोय आहे आणि तिचे पैसे तो जाणून देतो. अंडी-मांस न खाणाऱ्या आणि दूधही थोडेच मिळणाऱ्या मुलालाही तिचा उपयोग होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळायलाच सांगतात. त्या साऱ्या जनतेला उद्देशून आहेत, पण साखर, कृत्रिम गोडवा आणि सुगंध यांविषयी त्यांनी दिलेला इशारा गेनरला तर चपखल लागू पडतो.

तिसरी भुकटी क्रिएटिनची. ती या दोन्हींत मोडत नाही. स्नायूंना थोड्या वेळासाठी जोर लावायला ती मदत करते, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम पुरतात आणि तिच्यामागचा पुरावा चांगला आहे. तरीही उचलण्याची ढबच बसलेली नसताना तिची घाई कशाला? सुरुवातीला वाढणारे किलो-दीड किलो पाण्याचे असते. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याने यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. हा आजार किंवा त्याचे वाहकपण असलेल्या मुलांनी पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जोराचा व्यायाम करताना पाण्याची आणि विश्रांतीची काळजी डब्यापेक्षा कितीतरी आधी घ्यायला हवी.

डब्यांच्या पलीकडे, विनानावाच्या पुडीत किंवा सुट्या गोळ्यांत ‘वजनवाढीचा कोर्स’ मिळतो. त्याला हात लावू नये. अशा गोळ्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारे सायप्रोहेप्टाडिन निघू शकते. पहिल्याने चेहरा सुजून भरल्यासारखा दिसतो, दुसऱ्याने झोप येते, आणि स्नायू दोन्हींनी बनत नाहीत.

व्हे घ्यायचेच ठरले तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे, झाकणाखालची सील शाबूत असल्याची खात्री करावी आणि भरून दिलेली सुटी भुकटी घेऊ नये. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलेच पाहिजे, असे काही नाही. दिवसभराची बेरीज जमली की पुरे. एक चमचा पाण्यात किंवा दुधात घ्यावा आणि ज्या दिवशी ताटात अंडी किंवा वडी पुरेशी असेल त्या दिवशी तोही वगळावा.