बोट टोचल्याने रोजा तुटत नाही
रमजान लागला की मुंब्रा-कौशातल्या काही मधुमेहींच्या घरांत ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) कपाटात जातो. कारण एकच समज: रक्त काढलं की रोजा तुटतो. साखर तपासण्यापुरत्या थेंबाने तो तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. खरा धोका न तपासण्यात आहे. दुपारनंतर इफ्तारपर्यंत साखर घसरते, त्यातही साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची. (नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर ही भीती कमी.) हे डोस रमजानआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावेत, सकाळची गोळी परस्पर इफ्तारला किंवा पहाटेच्या सेहरीला ढकलू नये. घाम, थरथर, गरगर जाणवताच तपासा. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर असेल, तर मगरिबची (सूर्यास्ताची) अजान ५ मिनिटांवर असली तरी रोजा सोडा. कमी असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे ३ लहान चमचे, पाण्यात घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचा.