शॅम्पेनमधली साखर गेली, केक राहिला

ब्रूट, म्हणजे जेमतेम साखरेच्या ‘कोरड्या’ शॅम्पेनचा घोट घेऊन लगेच केकचा घास खाल्ला, तर वाइन आंबट आणि पाणचट लागते. यात वाइन वाईट नसते आणि केकही बिघडलेला नसतो. ही जोडी जमली तेव्हा शॅम्पेन वेगळीच होती.

बाटलीत फेस कसा आला, कुणी आणला, या दंतकथांना इथे बगल देऊ. जेवणाच्या दृष्टीने खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकातली. बाटलीतला गाळ काढला की थोडी वाइन सांडते. ती तूट साखर घातलेल्या वाइनने भरून काढायची रीत आजही आहे. त्या काळी मात्र ही साखर मुक्तहस्ते पडायची. रशियाला जाणाऱ्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे 250 ते 300 ग्रॅम साखर असे, म्हणजे आजच्या कोल्ड्रिंकच्या सुमारे अडीचपट. फ्रेंच गिऱ्हाइकालाही ती गोडच हवी असे. थंड हवेत अर्धवट पिकलेल्या द्राक्षांचा आंबटपणा साखरेखाली झाकला जाई, हा उत्पादकांचा वेगळा फायदा. एवढी गोड वाइन जेवणाच्या शेवटी, मिष्टान्नाबरोबरच येणार.

इंग्लंडमध्ये ती जागा रिकामी नव्हती. तिथे जेवणानंतर पोर्ट, मडेरा आणि गोड शेरी या गोड वाइन आधीच ठाण मांडून होत्या. म्हणून शॅम्पेनने जेवणाच्या आधी आणि जेवणासोबत जागा शोधली, आणि त्यासाठी साखर सोडली. सुरुवातीचे प्रयोग फसले. 1874 च्या हंगामातल्या कोरड्या शॅम्पेनने मात्र लंडन जिंकले. माझ्या मते वाइन आणि जेवणाच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा व्यापारी निर्णय.

घोळ झाला तो नावांचा. साखर थोडी कमी झाली तेव्हा लेबलवर ‘ड्राय’ आले. स्पर्धकाने आणखी कमी केली, म्हणून ‘एक्स्ट्रा ड्राय’. त्याहून कमी करणाऱ्याला शब्दच उरला नाही. त्याने ‘ब्रूट’, म्हणजे कच्ची, काही न घातलेली, हे नाव घेतले. मग त्यातही साखर पडू लागली आणि खालच्या पायऱ्यांसाठी ‘एक्स्ट्रा ब्रूट’ आणि ‘ब्रूट नेचर’ जन्मले. जुने शब्द कुणी मागे घेतले नाहीत. त्यामुळे आज युरोपच्या नियमांत ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखरेची, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड वाइन आहे. केकला साजेशी बाटली आजही बनते, 32 ते 50 ग्रॅमची, पण तिचे नाव ‘डेमी-सेक’, अर्धी कोरडी! नवखा माणूस दुकानात गोंधळला तर तो त्याचा दोष कसा? 2009 मध्ये ब्रूटची मर्यादा 15 वरून 12 ग्रॅमवर आणली गेली, तेव्हा ही नावेही निस्तरता आली असती. ती तशीच ठेवली.

रेड वाइनच्या बाबतीतही असेच एक जुने वाक्य उरले आहे: ‘खोलीच्या तापमानाला द्या.’ ती खोली हीटर नसलेल्या दगडी घरातली, फार तर 16 ते 18 अंशांची. आजच्या उबदार खोलीत तीच वाइन ढिली लागते आणि अल्कोहोल नाकात चढते. मांसाबरोबर तिची जोडी मात्र पक्क्या पायावर आहे. तिच्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडे करते. प्रथिने आणि चरबी घासातूनच आली की ते मवाळ होते. माशाबरोबर रेड नको, हा नियम बराच काळ निव्वळ शिष्टाचार समजला जाई. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वाइनमधले लोह जास्त असेल तर समुद्री अन्नाबरोबर उग्र माशाळ चव उरते. म्हणजे नियम रंगाचा नाही, लोहाचा; कमी लोहाची, हलकी रेड माशाबरोबर चालून जाते.

अलीकडे हवा तापल्याने शॅम्पेन प्रांतातली द्राक्षे जास्त पिकतात, आंबटपणा झाकायची गरज कमी झाली आणि साखर आणखी खाली आली. एक्स्ट्रा ब्रूट आता कालवांपासून कोंबडीपर्यंत अख्ख्या जेवणाला पुरते. शॅम्पेनच्या उंच, अरुंद ग्लासाऐवजी, म्हणजे फ्लूटऐवजी, अनेक जण पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास घेऊ लागलेत. फ्लूटमध्ये बुडबुडे छान दिसतात, पण नाक आत जात नाही.