ब्लॅकजॅकच्या टेबलावर चिप्स कधी आणि कशा लावाव्यात : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायटीची दिवाळी पार्टी असो, कंपनीचे स्नेहसंमेलन असो की कुणाची साठी, ब्लॅकजॅकचे टेबल भाड्याने घेणारे आमचे बहुतेक ग्राहक फोनवरच सांगून टाकतात की, “नियम समजावण्यात वेळ घालवू नका, आमच्या मंडळींना मोबाइलवर खेळून सगळे येते.” ते खोटे नसते. राजा, राणी आणि गुलाम यांचे दहा धरायचे, एक्का एक किंवा अकरा, एकवीसच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे पण ओलांडायचे नाही, आणि डीलरला सतरा होईपर्यंत पान घ्यावेच लागते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही पहिल्या अर्ध्या तासात टेबल तीन-चार वेळा अडते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असते : पाने वाटून झाल्यावर कुणीतरी आपल्या लावलेल्या चिप्सना हात लावलेला असतो. हे पत्रक मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी छापले आहे.

पुण्यातल्या एका कार्यक्रमात घडलेला प्रसंग सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते दिसेल. एका गृहस्थांना पाच आणि सहा अशी पाने आली होती आणि डीलरसमोर सत्ती किंवा अठ्ठी नव्हे, तर छक्की उघडी होती. अकरावर डबल करण्याचा, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घेण्याचा, त्यांचा विचार अगदी योग्य होता. पण त्यांनी तोंडाने काही न बोलता मुठीतल्या चार-पाच चिप्स आधीच्या ढिगावर ठेवून दिल्या. आता मूळ पैज साठची की शंभराची, हे ढीग पाहून कुणालाच सांगता येईना. उजवीकडचे म्हणाले साठ, डावीकडचे म्हणाले शंभर, आणि स्वतः गृहस्थांना नक्की आठवत नव्हते, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूलही केले. आमच्या डीलरने डाव थांबवला, ढीग उलगडून मोजला, आणि निकाल लागेपर्यंत आठ मिनिटे गेली. तोवर शेवटच्या खुर्चीवरच्या बाई जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

यात कुणाचा लबाडीचा हेतू असतो असे आम्ही कधीच म्हणत नाही. सवय दोन ठिकाणांहून येते. पहिली तीन पत्तीची. तीन पत्तीत सुरुवातीची बूट रक्कम नावापुरती असते आणि खरी चुरस पाने हातात आल्यावरच सुरू होते. ब्लाइंड खेळणारा न बघता चाल देतो, पाने बघितलेल्याला त्याच्या दुप्पट द्यावी लागते, आणि मधली रक्कम डावभर वाढत जाते. दिवाळीच्या रात्री वर्षानुवर्षे असे खेळलेल्या हाताला चांगले पान दिसले की चिप्स पुढे सरकवण्याची ओढ लागणारच. ब्लॅकजॅकमध्ये मात्र तुम्ही एकमेकांविरुद्ध नव्हे तर फक्त डीलरविरुद्ध खेळत असता, आणि पैज पहिले पान बाहेर पडण्याआधी ठरलेली असते. पाने बघून ती वाढवण्याची मुभा ज्या दोन-तीन जागी आहे, त्या जागा नियमांनी नेमून दिलेल्या आहेत.

दुसरी सवय मोबाइलची. पडद्यावर पैज लावण्याची वेळ संपली की बटण करडे होते आणि त्यावर कितीही वेळा बोट टेकवले तरी काही घडत नाही. डबल दाबले की नेमकी तेवढीच रक्कम आपोआप बाजूला जाऊन बसते. म्हणजे नियम पाळण्याचे काम तुमच्या वतीने मोबाइल करत असतो आणि तो नियम आहे हे तुम्हाला कळतही नाही. आमच्या टेबलावर करडे होणारे बटण नाही, तिथे तुमचा हात आणि डीलरचे शब्द एवढेच आहे.

म्हणून क्रम नीट पाहून ठेवावा. प्रत्येक खुर्चीसमोर कापडावर एक वर्तुळ छापलेले आहे. तुमची पैज त्यात, एकाच ढिगात, मोठ्या अंकाची चिप खाली आणि लहान अंकाची वर अशी ठेवावी. हा क्रमाचा आग्रह काहींना खुळचट वाटतो, पण मोठी चिप वर असली की तिच्याखाली काय आहे हे डीलरला समोरून कळत नाही आणि त्याला प्रत्येक ढीग हाताने उचकावा लागतो. सगळ्यांच्या पैजा लागल्या की डीलर “पैजा बंद” असे मोठ्याने म्हणतो आणि हात टेबलावरून आडवा फिरवतो. त्या क्षणापासून डीलर तुमचा हिशेब देईपर्यंत वर्तुळातल्या चिप्स तुमच्या नाहीत असे समजावे. जिंकलात तर डीलर जिंकलेल्या चिप्स ढिगाशेजारी ठेवतो. त्या ठेवून त्याने हात मागे घेतल्यावर दोन्ही उचलाव्यात. पानांनाही हात लावू नये, ती उघडीच वाटली जातात आणि डीलरच ती हलवतो.

डबल करायचे असेल तर मूळ पैजेइतक्याच चिप्स मूळ ढिगाच्या शेजारी ठेवाव्यात, वर कधीही नाही, आणि एक बोट दाखवावे. डबलवर तुम्हाला एकच पान मिळते, मग ते दुर्री का असेना. दोन सारखी पाने आली आणि ती फोडायची, म्हणजे त्यांचे दोन वेगळे हात करायचे असले तर तेवढ्याच चिप्स शेजारी ठेवून दोन बोटे फाकून दाखवावीत. पान हवे असेल तर टेबलावर बोटाने टकटक करावे, नको असेल तर पानांवरून तळवा आडवा फिरवावा. कॅसिनोंमध्ये या खुणा छताच्या कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून असतात. आमच्याकडे कॅमेरा नाही, पण पार्टीत मागे डीजे वाजत असताना “हिट” (म्हणजे पान द्या) आणि “फिट” यांतला फरक डीलरला ऐकू येत नाही, हे कारण आम्हाला पुरेसे आहे. एका साठीच्या कार्यक्रमात आयुष्यभर रमी खेळलेल्या एक आजी या खुणा दोन डावांत शिकल्या आणि नंतर नातवंडांना दटावू लागल्या, हे इथे नोंदवायला हरकत नाही.

“प्लास्टिकच्या चिप्ससाठी एवढी शिस्त कशाला?” असे आम्हाला दर महिन्याला कुणीतरी विचारते. त्याचे उत्तर असे की, प्रत्येक पाहुण्याला सुरुवातीला सारख्याच एक हजार अंकांच्या चिप्स मिळतात आणि रात्रीच्या शेवटी ज्याच्याकडे सर्वाधिक चिप्स असतील त्याला यजमान भेटवस्तू देतात. चांगली पाने पाहून पैज वाढवणाऱ्याने आणि वाईट पाने पाहून एखादी चिप हळूच मागे घेणाऱ्याने ती भेटवस्तू नेली, तर बाकीच्या सहा जणांचे तोंड कडू होते आणि दोष आमच्या डीलरवर येतो. म्हणून पाने वाटल्यानंतर ढीग बदललेला दिसला तर आमचा डीलर डाव थांबवतो, आणि वाद राहिला तर कमी असलेली रक्कम खरी धरतो. हा नियम कठोर वाटतो, पण तो यजमानांनाही लागू आहे आणि त्यात आम्ही कुणासाठी बदल करत नाही.

पैज वीसच्या पटीत का लावायची, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आमच्या चिप्स दहा, पन्नास आणि शंभर अशा आहेत. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले, म्हणजेच खरा ब्लॅकजॅक झाला, की आम्ही ३:२ या प्रमाणात देतो. वीसवर तीस, शंभरावर दीडशे. पन्नासची पैज घेतली तर पंचाहत्तर द्यावे लागतील आणि पाचची चिप आमच्याकडे नाही. काही ठिकाणी हेच बक्षीस ६:५ या प्रमाणात देतात, म्हणजे शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीस. पाटी वाचताना आकडे मोठे दिसतात म्हणून ६:५ बरे वाटते, प्रत्यक्षात त्या एका बदलाने घराचा, म्हणजे डीलरच्या बाजूचा, फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. आमच्या टेबलावर ते प्रमाण कधी नव्हते आणि असणार नाही.

इन्शुरन्सविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण नावामुळे फसगत होते. डीलरचे उघडे पान एक्का असले की तो “इन्शुरन्स?” असे विचारतो. मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत चिप्स पुढच्या पट्टीवर ठेवायच्या. डीलरचे झाकलेले पान दहाचे निघाले तर त्यावर २:१ मिळतात, नाही तर त्या जातात. आपल्याकडे विमा म्हटला की घेतलेला बरा, असे वाटतेच. पण आमच्या पेटीत सहा जोड, म्हणजे ३१२ पाने असतात. समोरचा एक्का वजा केला तर ३११ उरतात आणि त्यांत दहाची पाने ९६ असतात. ३११ वेळा एकेक चिप लावली तर ९६ वेळा दोन-दोन मिळून १९२ येतील आणि २१५ वेळा एकेक जाऊन २१५ जातील. निव्वळ तोटा २३ चिप्सचा, शेकडा सात-साडेसात. तुमच्या हातात वीस आहेत की बारा, याने यात जवळजवळ काही बदलत नाही. घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही, पण डीलर विचारतो म्हणजे तो सल्ला देतो असे समजू नये. विचारणे हे त्याचे कामच आहे.

शेवटच्या खुर्चीवरच्याने उगाच पान घेतले म्हणून सगळे हरलो, ही तक्रारही आम्ही नेहमी ऐकतो. त्याने घेतलेले पान डीलरला तारक ठरले असते की मारक, हे आधी कुणालाच ठाऊक नसते, आणि अनेक डावांत दोन्ही सारख्याच वेळा घडते. म्हणून कृपया त्या खुर्चीवरच्या पाहुण्याला रागावू नये.

कोणत्या पानांवर थांबावे याचा तक्ता आम्ही प्रत्येक खुर्चीपाशी लॅमिनेट करून ठेवतो. हे डावपेच १९५६ साली अमेरिकन लष्करात असलेल्या चार जणांनी साध्या टेबल-कॅल्क्युलेटरवर हिशेब करून प्रसिद्ध केले होते आणि थोड्याफार दुरुस्त्या सोडल्यास ते आजही तसेच वापरले जातात. तक्त्याप्रमाणे खेळले तर चांगल्या नियमांच्या टेबलावर घराचा फायदा सुमारे अर्ध्या टक्क्यावर येतो. एक उदाहरण पुरे : तुमच्या हातात दहा आणि दुर्री अशा बारा आहेत आणि डीलरसमोर छक्की आहे. पान घेतले तर तेरापैकी चार प्रकारची पानेच तुम्हाला एकवीसच्या पलीकडे नेतील, त्यामुळे घेण्याचा मोह होतो. पण छक्की उघडी असताना डीलर स्वतः सुमारे ४२ टक्के वेळा एकवीस ओलांडतो, म्हणून तक्ता थांबायला सांगतो. सोळावर तर तेरापैकी आठ पाने तुम्हाला बाद करतात. एक्का असलेल्या हाताचा हिशेब वेगळा असतो. एक्का आणि छक्की हे सतराही आहेत आणि सातही, त्यामुळे तिथे एक पान घेऊन कुणी बाद होत नाही. हे विसरून तिथे हात आखडणारे बरेच असतात.

आता पैशांविषयी. आमच्या चिप्सवर रुपयाचे चिन्ह नाही, त्या विकत मिळत नाहीत आणि परत देऊन पैसे मिळत नाहीत. संपल्या तर यजमानांच्या संमतीने आम्ही आणखी पाचशेच्या तशाच देतो. कुणी टेबलावर नोटा काढल्या तर डीलर पेटी बंद करतो. “गोव्यात चालते, मग इथे का नाही?” असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर ठरलेले आहे : मांडवीतल्या जहाजांवर आणि तिथल्या पंचतारांकित हॉटेलांत जे चालते, ते गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. लागू आहे तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. मोबाइलवर सराव करणाऱ्यांनीही फक्त फुकट खेळण्याचीच आवृत्ती वापरावी, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. फुकट आवृत्तीतही एक फरक लक्षात ठेवावा : तिथे बहुधा प्रत्येक डावानंतर पाने नव्याने पिसली जातात, तर आमच्या पेटीत कापाचे पान, म्हणजे पिसायची वेळ दाखवण्यासाठी मध्ये घातलेले खुणेचे पान, येईपर्यंत पिसत नाही.

दोन किंवा अधिक टेबले घेणाऱ्यांना पाहुणे येण्याआधी अर्ध्या तासाचा सराव आम्ही विनामूल्य देतो. एका टेबलासाठी तो माफक शुल्कात मिळतो आणि डीलर मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी हव्या त्या भाषेत शिकवतो. या अर्ध्या तासात आम्ही पानांचे नियम शिकवत बसत नाही, नुसते चिप्स लावणे, हात मागे घेणे, डबलच्या चिप्स शेजारी ठेवणे आणि खुणा एवढेच करून घेतो. सरावाला सगळ्यांना बसवण्याची गरज नाही. कार्यालयातला सर्वांत उत्साही सहकारी आणि घरातले तीन पत्तीत मुरलेले काका, या दोघांना आधी पाठवावे. बाकीचे त्यांचे पाहून शिकतात, आणि ते दोघे चुकले तर बाकीचे तेही शिकतात.